आजोबा गरम आहेत

मुलगी: ...तुम्ही आधी ती बाटली संपवा. अर्धी तशीच आहे.

बाबा: पितोय ना. सकाळपासून मी माणूस नाही, गच्चीवरची टाकी आहे. तू डॉक्टरांचं सांग. काय म्हणाले?

मुलगी: म्हणाले, वर जा, बाबांजवळ बसा.

बाबा: एवढंच? एवढं सांगायला तुला इतका वेळ आत बसवून घेतलं? आणि मी इथे हाताला सुई लावून शहाण्या मुलासारखा वाट बघतोय.

मुलगी: पाय वर घ्या बाबा. फरशी गार आहे.

बाबा: विषय बदलू नकोस. परवाचा स्कॅन दाखवला ना त्यांनी पडद्यावर? माझी कंबर बघितलीस? काळीकुट्ट!

मुलगी: तुम्हाला कोणी दाखवला?

बाबा: दाखवतंय कोण. टेबलावरून उतरताना त्या मशीनवाल्या बाईच्या खांद्यावरून मान लांब करून बघून घेतला. पहिल्या वेळचा आठवतोय का तुला? पाठीच्या कण्यात एकाखाली एक, रस्त्याला खांब लागावेत तसे दिवे. खुब्यात तर नुसता सर्चलाइट. आणि आता सगळे गुल! जबड्याखालचे दोन तेवढे राहिलेत आणि मूत्रपिंडांचे.

मुलगी: ते कायमच दिसतात. लाळेच्या गाठी ओढून घेतातच ते औषध.

बाबा: माहीत आहे. म्हणून तर तोंडाचं वाळवंट झालंय. शीळ वाजत नाही आता, नुसती हवा निघते. पण चालेल. शिळेवाचून कोणाचं काय अडलंय? तुझी आई जन्मभर विचारत आली, तुम्ही आयुष्यात काय दिवे लावलेत. परवा फोनवर सांगितलं तिला, लावले होते तेवढे सगळे विझवून येतोय.

मुलगी: आईला सांगून टाकलंत?

बाबा: मग? तिने तुझ्या मामाला सांगितलं. मामाने सांगितलं म्हणजे आता शेजारपाजारच्या कुत्र्यामांजरांनाही कळलं असेल.

मुलगी: बाबा, डॉक्टरांनी अजून काही सांगितलं नव्हतं. थोडं थांबायचं होतं तुम्ही.

बाबा: त्यात डॉक्टर कशाला हवाय? पहिल्या दिवशी त्यांनीच समजावलं होतं ना आपल्याला? जिथे दिवा, तिथे रोग. औषध शिरेतून आत जातं, फिरत फिरत बरोबर त्या दिव्यावर जाऊन बसतं आणि तिथल्या तिथे त्याला जाळतं. आजूबाजूला धक्का नाही. आता दिवाच नाही म्हटल्यावर? उभा जन्म वायरमनकी केली मी. लागलाय की गेलाय एवढं तरी कळू दे मला.

मुलगी: हं.

बाबा: हं काय? आणि तू तिथे दाराला टेकून का उभी? अजून औषध आलेलं नाही. थंड आहे मी. आत ये.

मुलगी: मी बरी आहे इथे. खुर्ची इथेच आहे.

बाबा: खुर्चीला पाय असतात, फौजदारबाई. सरकवता येते.

मुलगी: मला फौजदार म्हणू नका.

बाबा: का? घरात खडूची रेघ कोणी मारली? माझ्या खोलीच्या दारापासून टेप लावून, गुडघ्यावर बसून? गुन्हेगाराच्या घरालासुद्धा एवढा बंदोबस्त नसतो. बसून करा, झाकण लावा, दोनदा पाणी सोडा, हात धुवा, पुन्हा धुवा. माझ्या आईने नाही शिकवलं एवढं पोरीने शिकवलं. या वयात.

मुलगी: हॉस्पिटलने सांगितलं होतं तेवढंच केलं मी. लहान मुलांना लांब ठेवा म्हणाले. तुम्हीही होतात तेव्हा तिथे.

बाबा: होतो. म्हणून तर कधी बोललो नाही. तुझी टिटवी काय म्हणाली सकाळी निघताना?

मुलगी: काय म्हणणार. नेहमीचंच.

बाबा: सांग ना.

मुलगी: विचारलं, आजोबा आज परत गरम होणार का.

बाबा: आणि?

मुलगी: आणि खिडकीतून तुमच्याकडे बघून फुंकर घातली.

बाबा: हां. ती दिसली मला. मी हात हलवला तर दोन पावलं मागे सरकली.

मुलगी: मी तरी काय सांगणार होते बाबा? एवढ्याशा पोरीला किरणोत्सर्ग म्हणजे काय ते सांगू? तिला इस्त्री कळते. इस्त्रीला एकदा तिचं बोट चिकटलं होतं, तेव्हापासून ती कपड्यांच्या टेबलाजवळही जात नाही. म्हणून म्हटलं, आजोबा गरम आहेत, इस्त्रीसारखे. हात लावला की भाजतं.

बाबा: शब्द अगदी फिट्ट बसला. फक्त त्याला बंद करायचं बटण ठेवायचं राहिलं. आठवडा उलटतो, डॉक्टर म्हणतात, घ्या आता नातीला मांडीवर. आणि नात उंबऱ्यावरून फू फू करते. मागच्या वेळी माझा चष्मा पडला होता ना बाहेर? तिने तो उचलला, रेघेपाशी आणून खाली ठेवला आणि पायाने सरकवला माझ्याकडे. वरून म्हणते, आजोबा, भाजेल हं चष्म्याला.

मुलगी: विसरेल ती. मुलं विसरतात.

बाबा: विसरायलाच पाहिजे. हा एक डोस आणि पुढचा एक, मग संपलं हे लफडं. मग तिला पुढ्यात बसवून सांगणार, बघ गं, आजोबा निवले. कायमचे.

मुलगी: असं बोलू नका ना!

बाबा: अगं, काय बोललो मी एवढं? रडायला काय झालं?

मुलगी: रडत नाहीये. डोळ्यात काहीतरी गेलं.

(शेजारच्या खोलीच्या भिंतीवर दोनदा टकटक.)

बाबा: ऐकलंस? मास्तर, शेजारचा पेशंट. दोनदा म्हणजे सुई लागली. तीनदा म्हणजे औषध सुरू झालं. औषध दिल्यावर दोघांनाही खोलीबाहेर पडू देत नाहीत ना, मग असं चालतं आमचं. गेल्या खेपेला त्याने एकदा एवढं ठोकलं की मला वाटलं पडला की काय. तर गाणं वाजवत होता. त्याचे अजून दोन दिवे बाकी आहेत म्हणे. माझ्या मागे पडला बिचारा. थांब, उत्तर देतो.

मुलगी: बाबा, नका देऊ. जरा थांबा. मला बोलायचंय तुमच्याशी.

बाबा: बोल की. हात माझा भिंतीवर आहे, कान तुझ्याकडेच आहेत.

सिस्टर: येऊ का आत? काका, तो हात द्या बघू इकडे.

बाबा: या या. आज तुम्हालाच उशीर. डबा कुठाय? शिशाचा? आणि तुमचा तो जड झगा?

सिस्टर: डबा नाही आणला काका. सुई काढायची आहे.

बाबा: काढायची? का, शीर नीट नाही मिळाली? मग या हाताची घ्या. या हाताच्या शिरा चांगल्या आहेत, दोरखंडासारख्या.

सिस्टर: तसं नाही... ताई, तुम्ही बोलला नाहीत अजून?

मुलगी: बोलतच होते.

बाबा: काय बोलत होतीस? बाटली संपवा, पाय वर घ्या. एवढंच तर बोललीस.

सिस्टर: मी थोड्या वेळाने येते. तुम्ही बसा.

बाबा: नाही, नाही. काढा तुम्ही. काढायला आलात त्यातच कळलं मला जे कळायचं ते. आता कशाला ठेवायची ती शोभेला?

सिस्टर: मूठ सैल सोडा. जरासं ओढल्यासारखं होईल. ताई, इथे येऊन हा कापूस दाबून धरा. घट्ट.

मुलगी: मी?

सिस्टर: माझे दोन्ही हात अडकलेत. रक्त पातळ आहे त्यांचं, लगेच थांबत नाही. या ना.

मुलगी: हो. हातमोजे आहेत का?

सिस्टर: कशाला? आज काहीच दिलेलं नाही त्यांना. नुसतं मिठाचं पाणी गेलंय.

बाबा: राहू द्या सिस्टर. माझा दुसरा हात मोकळा आहे. मी दाबतो.

मुलगी: नाही बाबा, सोडा. सोडा म्हणते ना. मी सवयीने विचारलं. खरंच, नुसतं सवयीने.

बाबा: सवय चांगली आहे. घरात लहान मूल आहे तुझ्या.

सिस्टर: तसंच धरून ठेवा ताई. एवढं हळू नाही, दाबा.

बाबा: सिस्टर, माझं औषध आलं होतं ना? सकाळी?

सिस्टर: आलं होतं काका. खाली आहे.

बाबा: मग ते शेजारी मास्तरांना द्या. दुप्पट मात्रा. तेवढे लवकर सुटतील.

सिस्टर: असं नाही देता येत. ज्याचं माप त्यालाच. ते आता तसंच बंद करून ठेवतील. आपोआप निवत जातं ते.

बाबा: बरं आहे त्याचं. मास्तरांना काही बोलू नका. आज तरी.

सिस्टर: मी कोणाचं कोणाला सांगत नाही. सावकाश कपडे बदला. खोली लगेच नकोय कोणाला.

बाबा: गेली? दार लाव. नाही, आतून लाव, बाहेर नको जाऊस. हां. आता सांग. फौजदारासारखं सांग, पंचनामा वाचल्यासारखं. रडायचं ते गाडीत.

मुलगी: औषध लागू पडत नाहीये बाबा.

बाबा: दिवे तर गेलेत.

मुलगी: दिवे गेलेत. रोग नाही गेला.

बाबा: हे काय नवीन?

मुलगी: डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं, तेव्हा कळलं. त्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. औषध त्या खुणेला चिकटतं. स्कॅनमध्ये दिवा लागायचा तो त्या खुणेचा, रोगाचा नाही. आपण तेच धरून बसलो की दिवा म्हणजे रोग. सुरुवातीला तसंच होतं, दोन्ही एकाच जागी होतं. आता ज्या पेशी उरल्यात त्यांनी ती खूणच टाकून दिलीय. पेशी आहेत. वाढताहेत. फक्त खूण नाही. औषध दिलं तर ते सगळ्या अंगातून फिरेल आणि कुठे थांबायचं तेच त्याला कळणार नाही. तोंड अजून सुकेल, रक्त अजून उतरेल. उपयोग काही नाही.

बाबा: वाढताहेत हे कशावरून?

मुलगी: दुसरा स्कॅन केला ना. साखरेचा.

बाबा: तो डायबेटिसचा होता ना?

मुलगी: नाही बाबा.

बाबा: मी तर त्या मशीनवाल्या बाईशी वाद घातला. म्हटलं, मला साखर नाही हो, आमच्या घराण्यातच कोणाला नाही, कशाला वेळ घालवताय माझ्यावर. हसली ती. म्हणाली, झोपा काका.

मुलगी: साखर टोचतात आणि जिथे भूक जास्त तिथे ती जाऊन बसते. त्यात दिसतंय.

बाबा: काय दिसतंय? त्यात लागलेत?

मुलगी: लागलेत.

बाबा: कुठे?

मुलगी: पाठीत. खुब्यात. होते तिथेच.

बाबा: आणि?

मुलगी: आणि काय?

बाबा: तिथेच म्हणताना तू खिडकीकडे बघितलंस. शाळेत मार्क कमी पडले की अशीच बघायचीस. आणि कुठे?

मुलगी: यकृतात. आधी नव्हते तिथे.

बाबा: रक्तातला तो आकडा, रोग मोजणारा?

मुलगी: चढलाय. बराच. मागच्या वेळीच थोडा वर सरकला होता, पण डॉक्टर म्हणाले होते, एखाद्या वेळी सरकतो.

बाबा: म्हणजे कमरेचं जे दुखत होतं ते गादीचं नव्हतं.

मुलगी: नाही.

बाबा: मी गादीवर ढकललं. तू बिचारी नवीन गादी घेऊन आलीस, आणि मी म्हणालो, वा, काय झोप लागली. झोप कसली. कूस बदलायची म्हणजे भिंत ढकलल्यासारखं.

मुलगी: मग सांगायचं ना! मी रोज विचारत होते. रोज! दुखतंय का, किती दुखतंय, कुठे दुखतंय.

बाबा: रोज विचारत होतीस म्हणूनच नाही सांगितलं. तुझा चेहरा बघवत नाही गं. आधी रात्रभर टिटवीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणारी बाई तू. त्यात माझी कंबर कुठे ठेवू?

मुलगी: कुठेतरी ठेवलीच असती.

बाबा: कामावर पहिल्या दिवशी मला काय शिकवलं होतं, माहितेय? दिवा बंद दिसला म्हणून वायरीला हात लावायचा नाही. बल्ब उडालेला असतो, होल्डर सैल असतो, पण करंट असतोच आत. आधी टेस्टर लाव, मग हात लाव. ज्याने हे ऐकलं नाही असा एक माझ्या डोळ्यांदेखत शिडीवरून गेला. आणि मी? पडदा काळा दिसला तर नाचत सुटलो.

मुलगी: तुम्हाला कसं कळणार होतं? मलाही नाही कळलं. मीसुद्धा परवा तुमच्या चेहऱ्याकडे बघून मनातल्या मनात सुटले होते.

बाबा: कळायचं राहू दे, नुसतं विचारायचं होतं. शेजारी उभी होती ती बाई. नाही विचारलं. काळं दिसलं, बरं वाटलं. विचारून कोण पाणी ओतणार त्यावर?

मुलगी: ऐका. पुन्हा वाजतंय भिंतीवर.

बाबा: एक, दोन, तीन. त्याचं सुरू झालं.

मुलगी: तुम्ही काय करताय?

बाबा: तीन परत दिले. पडू दे त्याला निवांत. माझं अडलंय म्हटलं की त्याला तिथे पडल्या पडल्या स्वतःची धास्ती. आणि आता तासन्‌तास तो बाहेर येऊ शकत नाही, मी आत जाऊ शकत नाही. कोरड्या तोंडाने धास्ती गिळायची म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

मुलगी: पण पुढच्या वेळी कळेलच की त्याला.

बाबा: पुढच्या वेळचं पुढच्या वेळी. कापूस सोड आता, थांबलं असेल रक्त. किती वेळ धरून बसशील?

मुलगी: राहू दे थोडा वेळ.

बाबा: राहू दे मग.

मुलगी: बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?

बाबा: रागवायला अंगात करंट लागतो. बोल.

मुलगी: डॉक्टर म्हणाले, आज डोस देणार नाही. का ते अजून सांगायचं होतं त्यांनी. आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर बरं झालं, म्हणजे हा आठवडा टिटवीला धरून ठेवायला नको. बाथरूमच्या दारावर पहारा नको. तुमच्या चादरी वेगळ्या भिजवायला नकोत. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. एकच क्षण. मग ते पुढचं सांगायला लागले, आणि मला कळलं की मी कशावर खूश झाले होते.

बाबा: मलाही तेच वाटलं. सुई निघाली तेव्हा.

मुलगी: खरंच?

बाबा: नाही. तेव्हा नुसतं दुखलं. पण आता तू म्हणालीस आणि वाटतंय. या आठवड्यात मी मोकळा आहे की. गुन्ह्यातून सुटका.

मुलगी: थट्टा करू नका.

बाबा: थट्टा नाही करत. पुढे काय म्हणाले ते सांग. काहीतरी म्हणाले असतील, तसंच नाही सोडणार.

मुलगी: केमो देऊन बघू म्हणाले. सोमवारी दाखल व्हायचं. मी हो म्हणून टाकलंय.

बाबा: मला न विचारता?

मुलगी: जागा मिळत नाही नंतर. नाही म्हणायचं तर म्हणता येतं, पण जागा धरून ठेवली.

बाबा: त्यात पण गरम होतं का माणूस?

मुलगी: नाही, तसं काही नाही. म्हणजे टिटवीला तुमच्यापासून काही धोका नाही.

बाबा: मग बरं आहे.

मुलगी: पण तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधीच उतरल्यात. केमोने आणखी उतरतील. मग साधा सर्दी-ताप झाला तरी जड जातो. आणि टिटवी आता पाळणाघरात जाते, तिचं नाक तुम्हाला ठाऊकच आहे, बारा महिने वाहतं. म्हणून डॉक्टर म्हणाले...

बाबा: काय म्हणाले?

मुलगी: म्हणाले, लहान मुलांना जरा लांबच ठेवा.

बाबा: वा! म्हणजे आधी तिला माझ्यापासून जपायचं आणि आता मला तिच्यापासून. रेघ तीच. फक्त खडू दुसऱ्या बाजूने धरायचा.

मुलगी: सहन होईल ते, बाबा. थोडेच महिने.

बाबा: थोडेच महिने म्हणजे केमोचे थोडेच, की एकूणच थोडे? विचारलंस ना डॉक्टरांना? तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस.

मुलगी: विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही.

बाबा: सांगता येतं. सांगवत नाही. आणि केमो घेतली तर महिने किती वाढतील? तेही विचारलंस?

मुलगी: काही जणांना फरक पडतो म्हणाले.

बाबा: काही जणांना. आणि ते वाढलेले सगळे रेघेच्या अलीकडे काढायचे.

मुलगी: मग काय करू मी? नाही सांगू त्यांना? मी कशी सांगू? टिटवी उद्या मोठी होऊन विचारेल, आजोबांना औषध का नाही दिलंत, तर मी काय सांगू तिला? खडूची रेघ पुसायची होती म्हणून?

बाबा: मी नाही म्हटलेलंच नाही अजून.

मुलगी: मग हो म्हणा.

बाबा: तेही नाही म्हणत. सोमवार नको. त्या जागेवर दुसऱ्याला घेऊ दे. मला थोडे दिवस दे. मग मी स्वतः येतो तुझ्याबरोबर, डॉक्टरांसमोर बसतो आणि काय ते सांगतो. तू सांगायचं नाहीस, मी सांगायचं.

मुलगी: थोडे म्हणजे किती?

बाबा: फौजदार, तारीख मागू नकोस.

मुलगी: आणि तेवढ्यात ते वाढलं तर?

बाबा: वाढेल. ते काय माझ्या सोमवारची वाट बघत बसलंय? टिटवी मला हात लावेपर्यंत तरी मला कुठे दाखल व्हायचं नाही. एवढंच म्हणतोय. नाक वाहू दे तिचं. माझ्या शर्टाला पुसू दे.

मुलगी: ती लगेच नाही येणार बाबा. तुम्हीच बघितलंय, आठवडे जातात. मी तिला किती वेळा सांगितलं, आता आजोबा गार झाले, तरी मान हलवते. उलट म्हणते, आई, तू पण लावू नको हात.

बाबा: बरोबरच आहे तिचं. तू तरी कुठे लावत होतीस?

मुलगी: मी?

बाबा: आठवडा संपल्यावरही. पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवायचीस आणि मागे व्हायचीस. ती बघत असते गं. तू काय सांगतेस ते ऐकत नाही ती, तू कुठे उभी राहतेस ते बघते.

मुलगी: माझ्या लक्षातच नाही आलं. देवाशपथ.

बाबा: माझ्या आलं होतं. बोललो नाही. सारखं वाटायचं, एवढे डोस होऊन जाऊ देत.

मुलगी: मी आज तुमच्याजवळ बसेन. जेवायला, टीव्ही बघताना, सगळीकडे. तिला काही सांगणारच नाही. नुसती बसेन.

बाबा: बस. पण घरी गेल्यावर अशी रडक्या तोंडाने नको बसूस, तिला वाटेल आईला चटका बसला. आता तो शर्ट दे इकडे. डावी बाही आधी. हां, खांदा नाही वर जात पूर्ण. ओढ तू. जोरात ओढ, मी काचेचा नाही.

मुलगी: दुखलं?

बाबा: दुखलं. बघ, सांगितलं लगेच.

मुलगी: किती वाळलात तुम्ही. खांद्याची हाडं लागतात हाताला.

बाबा: तुझ्या मामाला सांग, व्यायाम करतोय. मामावरून आठवलं. तुझ्या आईला फोन लाव.

मुलगी: फोनवर नको बाबा. घरी जाऊन मी सांगते तिला नीट. ती वाट बघत असेल, खूश असेल.

बाबा: म्हणूनच आता लाव. घरी आपण दोघं दारात उभे राहिलो की तिला एकदम कळणार, टिटवीसमोर. वाटेत तासभर मिळू दे तिला. एकटीला. ती एकटी असली की नीट सावरते, कोणी बघत असलं की नाही.

मुलगी: घ्या. रिंग होतेय.

बाबा: तू धर कानाशी, मी बटणं लावतो... हॅलो. हां, मीच... आवाजाला काय झालंय, तोंड कोरडं आहे नेहमीसारखं... हो, निघतोय आता... नाही गं, लवकर नाही. आटपलं इथलं... टिटवी काय करतेय?... बरं, झोपू दे. तू एक काम कर. डोसनंतरचं म्हणून बाहेरच्या खोलीत माझं अंथरूण घालून ठेवलं असशील ना, ते उचल... उचल म्हणजे आत आण. आपल्या खोलीत, तुझ्याशेजारी... नाही, औषध द्यायला विसरले नाहीत ते... हॅलो?... ऐकतेस ना?... हां. हो, आज... उद्याही.